पळून गेली म्हणे

पळून जाणाऱ्या मुलीला आई डबा बांधून देते का हो? तुम्हीच सांगा. मी दिला होता. मेथीचे खाखरे, कैरीचा छुंदा आणि वर शेवेची पुडी. दोंडाईचा स्टेशनवर भर दुपारी मी तिला जळगावला जायला भुसावळच्या गाडीत बसवून दिलं. तिची पेटी आमच्याच मिरचीच्या दुकानाच्या टेम्पोतून स्टेशनवर गेली आणि आमच्याच हमालाने, उखर्डूने, ती गाडीत चढवली. आणि दुसऱ्या आठवड्यात सगळा गाव म्हणतो, केवलचंदजींची पुतणी पळून गेली. उखर्डू बिचारा डोकं खाजवत माझ्याकडे आला. म्हणाला, "अक्का, पेटी ते मीच चढाडी. मंग पयी गयी कसं काय म्हनतस?" त्याला काय सांगू? माझ्याच तळपायाची आग मस्तकात गेली होती.

माझं नाव प्रेमकुंवर. दोंडाईच्यात आमचा मिरचीचा होलसेल धंदा आहे. माझे मालक गेले तेव्हा मुलगी जिनल नववीत होती आणि मुलगा तरुण सहावीत. तेव्हापासून घरात शेवटचा शब्द माझ्या जेठांचा, म्हणजे थोरल्या दिरांचा, केवलचंदजींचा. त्यांचे उपकार मी नाकारत नाही. मुलांची शिक्षणं त्यांनी केली, तरुणला दुकानात बरोबरीने बसवलं. पण उपकार केले म्हणून माझ्या मुलीला काहीही म्हणायचा परवाना मिळतो का? नाही मिळत.

जिनल शिकून जळगावला औषधांच्या कंपनीत नोकरीला लागली. तिथे तिला आकाश भेटला. भुसावळजवळच्या दीपनगरच्या कॉलनीत वाढलेला मुलगा, वीज मंडळात इंजिनिअर, बौद्ध घरातला. माझ्या मुलीने काही लपवलं का? अजिबात नाही. दिवाळीत घरी आली तशी जेठांसमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "बडे पप्पा, मला आकाशशी लग्न करायचंय. तुम्ही लावून द्या." ते म्हणाले, "बघू." संक्रांतीला तिने पुन्हा विचारलं. म्हणाले, "घाई काय आहे?" होळीला विचारलं तर म्हणाले, "हा विषय आता या घरात नको." तेव्हा ती म्हणाली, "बरं. मग मी रजिस्टर लग्न करते. तारीख तुम्हाला कळवीन." आणि तिने कळवली. जळगावच्या विवाह नोंदणी कार्यालयात महिनाभर दोघांच्या नावाची नोटीस भिंतीवर लागली होती. आधी महिनाभर भिंतीवर नोटीस लावून पळणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

लग्नाला मी गेले. साक्षीदार म्हणून सही केली, मराठीत, पूर्ण नाव. तरुण आला नाही. त्या दिवशी दुकानात माल यायचा होता म्हणे. जेठांनी तर नाव काढलं नाही. ठीक आहे, नाही पटलं, नाही आले. त्यांच्या रागाचाही मला राग नव्हता. "मला हे लग्न मान्य नाही" असं त्यांनी चारचौघांत म्हटलं असतं, तर मी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं, कारण ते खरं होतं. पण दोन दिवसांनी दुकानावर एका व्यापाऱ्याने विचारलं, "काय शेठ, पुतणी बऱ्याच दिवसांत दिसली नाही?" आणि माझे जेठ तराजूकडे बघत म्हणाले, "पळून गेली."

उचलली जीभ, लावली टाळ्याला!

आणि हा शब्द किती सोयीचा आहे बघा. पळून गेली म्हटलं की कोणी पुढे काही विचारत नाही. अरेरे म्हणतात, घरच्या लोकांची कीव करतात, चहा पितात आणि निघून जातात. "तिने विचारलं, आम्ही बघू-बघू करत बसलो, शेवटी तिने स्वतःचं स्वतः लग्न केलं," असं म्हटलं असतं तर लोकांनी पुढचा प्रश्न विचारला असता. मग शेठजी, तुम्ही का नाही लावून दिलं? मुलगा वाईट होता का? नोकरी नव्हती का? का नुसती जात बघितली? एका शब्दाने या सगळ्या प्रश्नांना कुलूप लागलं. घर गरीब बिचारं झालं आणि माझी मुलगी चोर झाली.

तुम्ही म्हणाल, मग बाई, तू तेव्हाच का नाही बोललीस? बोलले ना! पण कशी बोलले ते ऐका. आमच्यात बाई जेठांशी थेट बोलत नाही. पदर पुढे ओढायचा आणि काय असेल ते तिसऱ्याला सांगायचं, त्याने पोचवायचं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून, वर्षातून एकदाची ठरलेली क्षमा सोडली तर, मी जेठांशी समोरासमोर एक वाक्य बोललेले नव्हते. आता माझा तिसरा कोण, तर तरुण. मी त्याला म्हटलं, "जा, सांग तुझ्या बडे पप्पांना, हे खोटं आहे." तो वर जाऊन आला. मी विचारलं, "काय सांगितलंस?" म्हणाला, "सांगितलं, मम्मीला थोडं वाईट वाटलंय."

वाईट वाटलंय! मी खोटं आहे म्हणाले होते. वाईट वाटलं म्हणजे माझ्या मनाचा दोष, खोटं आहे म्हणजे त्यांच्या बोलण्याचा. वाईट वाटणाऱ्या बाईला लोक समजावतात, पाणी देतात. खोटं बोललेल्याला उत्तर द्यावं लागतं. मी तरुणवर इतकी ओरडले की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायला लागलं. तरुणचं एकच, "मम्मी, एका शब्दासाठी कशाला घरात भांडण?" मी म्हटलं, "एका शब्दासाठीच भांडतात रे गाढवा, मुक्याने कोण भांडतं?"

श्रावणात मी दीपनगरला जिनलच्या सासरी गेले. आकाशची आई मंदाबाई, दणकट बाई. मला विहीणबाई म्हणून हाताला धरून आत नेलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली, ठेचा वेगळा काढून ठेवला माझ्यासाठी, बिनलसणाचा. जेवण झाल्यावर म्हणाली, "विहीणबाई, एक विचारू का? तुमच्या गावचा एक माणूस आमच्या कॉलनीत नातेवाइकांकडे आला होता. तो इथे सांगून गेला, मुलगी पळून आलीय. तुमच्यासाठी तो बोलण्यातला शब्द असेल. पण ती पळून आली म्हणजे माझ्या पोराने पळवून आणली असं होतं. हा पोलिसांचा शब्द आहे हो. आमच्या वस्तीत हा शब्द पोचला की पाठोपाठ गाडी येते, हे आम्ही बघितलेलं आहे. माझ्या आकाशने काय पळवलं कुणाचं?" तिचा आवाज चढला नाही. येताना गाडीत मी खिडकीकडे तोंड करून शिव्या दिल्या, जेवढ्या मला येतात तेवढ्या.

त्यात तरुणचं लग्न ठरलं. धुळ्याची रूपल, चांगली हसतमुख मुलगी, लग्न मार्गशीर्षात. आमच्यात नवरा मुलगा घोडीवर बसला की सख्खी बहीण त्याच्यावरून लूण-राई उतरवते. मीठ-मोहरी ओवाळून टाकायची, भावाला कोणाची नजर लागू नये म्हणून. जिनल चौथीत असल्यापासून म्हणायची, तरुणची लूण-राई मी करणार आणि त्याच्याकडून सोन्याची साखळी घेणार. तर जेठांचा निरोप आला, तरुणच्याच तोंडून. "बडे पप्पा म्हणतात, पळून गेलेल्या मुलीला या घरातून आमंत्रण जात नाही. आजोबांपासूनची रीत आहे. लूण-राईला कोणी मामेबहीण उभी करू."

रीत आहे, मान्य. पण ती पळून गेलेल्या मुलीसाठी आहे. माझी मुलगी त्या रीतीत बसतच नाही! बसवली कोणी? यांच्या जिभेने. आधी शब्द चिकटवायचा आणि मग त्या शब्दाला लागू होणारा कायदा काढायचा. माझी एकुलती एक मुलगी सख्ख्या भावाच्या लग्नात नसणार होती, आणि कारण काय, तर तिने जे कधी केलंच नाही ते.

तेवढ्यात पर्युषण आलं. आठ दिवस मी तोंड बंद ठेवलं. उपास होता म्हणून, नाहीतर शक्य नव्हतं. शेवटच्या दिवसाच्या, संवत्सरीच्या, दुसऱ्या सकाळी पारणं झालं की आमचं सगळं घर जेठांच्या दिवाणखान्यात जमतं आणि एकमेकांची क्षमा मागतं. लहानांनी मोठ्यांची, मोठ्यांनीही लहानांची. वर्षभराचं मनातलं सगळं धुऊन टाकायचं. सुंदर रीत आहे, मी तिच्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही. पण आमच्या लोकांनी त्याचं काय केलंय! सकाळपासून मोबाइलवर फुलांची चित्रं, सगळ्यांना एकच मजकूर. ज्याचं वर्षभर रक्त पिलं त्यालाही तेच, आणि ज्याला ओळखत नाही त्यालाही तेच. झाली क्षमा.

त्या दिवशी दिवाणखान्यात जेठ, जेठाणी, तरुण, मी आणि धुळ्याहून मुद्दाम आलेले रूपलचे वडील. जेठ उठले, माझ्यासमोर येऊन हात जोडले आणि दरवर्षीसारखं म्हणाले, "वर्षभरात मन, वचन, कायेने, जाणता-अजाणता तुमचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्."

मी हात जोडून तेच परत म्हणायचं आणि बसायचं, अशी रीत. तरुण माझ्याकडे बघत होता, डोळ्यांनी विनवत होता. मी डोक्यावरचा पदर मागे सारला. जेठाणीच्या तोंडून "अगं बाई" निघालं.

मी म्हटलं, "जेठसा, असेल तर म्हणजे काय?"

जेठांनी तरुणकडे बघितलं, सवयीने, की हिला काय म्हणायचंय ते हा सांगेल. मी म्हटलं, "त्याच्याकडे नका बघू. मी तुमच्याशी बोलतेय. दुखावलं असेल तर नाही, दुखावलंय. मनाने का कायेने ते मला माहीत नाही, वचनाने दुखावलंय. एका शब्दाने. आणि आता मला सांगा, जाणता का अजाणता?"

"प्रेमकुंवर, पाहुणे बसलेत," जेठाणी म्हणाली.

"बसू द्या. त्यांच्या कानावरही तोच शब्द गेलाय."

रूपलचे वडील खाली बघायला लागले. गेलाच होता.

जेठ म्हणाले, "शब्दाला काय धरून बसतेस? भावना समजून घे."

हे ऐकलं आणि माझा उरलासुरला धीर संपला. "तुम्ही मला सांगता शब्दाला धरू नको? मार्केट यार्डात तुमच्या मालाला एकाने ओली मिरची म्हटलं, तेव्हा तुम्ही लिलाव थांबवला होता! ओली नाही, दमट म्हण, म्हणून त्याची कॉलर धरली होती. ओली म्हटलं की भाव पडतो, माणसं सडका माल म्हणतात, असं घरी येऊन आम्हाला समजावलं होतं. गोणीभर मिरचीसाठी एवढं! आणि माझ्या पोरीच्या वेळी भावना समजून घ्यायची?"

"लोक म्हणत होते तेच मी म्हणालो."

"लोकांनी कोणाकडून ऐकलं?"

त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"तिने तुम्हाला विचारलं की नाही? दिवाळीला, संक्रांतीला, होळीला? इथेच, या गादीवर बसून? तारीख कळवली की नाही? तुमच्या टेम्पोतून पेटी गेली की नाही? मग पळाली कुठून आणि कधी? तुम्हाला लग्न पसंत नव्हतं, तर नापसंत म्हणायचं होतं. रागावला होता, तर रागावलो म्हणायचं होतं. मी ऐकून घेतलं असतं. पण तुम्ही तिचं जाणंच बदलून टाकलंत!"

मला वाटलं, आता हे ओरडतील, नाहीतर उठून जातील. जेठ हळूच गादीवर बसले. म्हातारे दिसले एकदम. म्हणाले, "जाणून बोललो."

"काय?"

"जाणूनच बोललो, प्रेमकुंवर. खरं सांगितलं असतं तर लोकांनी मला विचारलं असतं की मग तुम्ही का नाही लावून दिलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलात खोट नव्हती. मला फक्त समाजाची भीती होती." त्यांनी पुन्हा हात जोडले. "मी तुझ्या मुलीबद्दल खोटं बोललो. मिच्छामि दुक्कडम्."

या वेळी "असेल तर" नव्हतं. मला उत्तर द्यायला हवं होतं, जीभ वळलीही. पण मी म्हटलं, "माझी नका मागू. शब्द माझ्यावर नव्हता." आणि जिनलला फोन लावून, स्पीकर चालू करून त्यांच्यापुढे ठेवला.

तिने "हां मम्मी" म्हटलं. जेठ म्हणाले, "बेटा, मी बोलतोय." लग्नानंतर ती त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकत होती. ते म्हणाले, "मी गावात सांगितलं की तू पळून गेलीस. ते खोटं होतं. तू मला विचारलं होतंस. मिच्छामि दुक्कडम्." बाजारात भाव सांगताना बोलतात तसे तुटक बोलले, पण एकेक शब्द नीट बोलले. जिनल रडत होती ते ऐकू येत होतं. मग म्हणाली, "मिच्छामि दुक्कडम्, बडे पप्पा."

जेठाणीने डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला सांगू.

"तरुणच्या लग्नाला यायचं," जेठ म्हणाले. "लूण-राई तुझीच."

"आकाशला घेऊन येऊ?"

"आण ना. त्यालाही आण."

"कोण म्हणून?"

ते अडखळले. "म्हणजे काय? लग्नाला म्हणून."

"तसं नाही, बडे पप्पा. मांडवात तुमच्या शेजारी उभे राहतील आणि समाजातले लोक विचारतील, हे कोण? तुम्ही काय सांगणार? जिनलचा मित्र? पाहुणा? कोण म्हणून यायचं त्यांनी?"

आमच्यात मुलीच्या नवऱ्याला जवाईसा म्हणतात. साधा रोजचा शब्द. घरात आलेल्या कोणत्याही लेकीच्या नवऱ्याला, शेजारपाजारच्यासुद्धा, माझे जेठ तोंड भरून जवाईसा म्हणतात. आता त्यांचे ओठ हलत होते आणि शब्द बाहेर येत नव्हता. एकदा रूपलच्या वडिलांकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. एवढं सगळं बोलून झालं होतं, खोटं कबूल करून झालं होतं, मुलगी परत घेतली होती, आणि जावयापाशी येऊन गाडी अडली. फोनमध्ये जिनल वाट बघत होती. मला इतका संताप आला की वाटलं, फोन उचलावा आणि म्हणावं, नको येऊस बेटा, असल्या घरात पायसुद्धा ठेवू नकोस.

मी हात पुढे केला, पण त्याआधी तरुणने फोन उचलला होता.

"दीदी," तो म्हणाला. आवाज घाबराच होता त्याचा, पण होता. "जीजाजी आहेत का घरी? दे त्यांना. माझ्या डोक्यावरचा साफा जीजाजींनीच बांधायचा असतो ना? त्यांना विचार, येतो का बांधता. नसेल येत तर शिकायला सांग, अजून वेळ आहे."

पलीकडे जिनल काहीतरी म्हणाली, ते रडण्यात कळलं नाही. मग आकाशचा आवाज आला, "बोल तरुण." आणि तरुण आमच्या सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी गेला आणि "हां जीजाजी, हां जीजाजी" करत बोलत राहिला.

मला तेव्हा रडू आलं, आणि त्याच वेळी त्या मेल्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशीही वाटली. येत होता की त्याला हा शब्द! इतके महिने येत होता.